भोवंडीची रोवणी

फळीवर उभं राहायला कोणी शिकवत नाही. बैल जुंपले, फळी चिखलात टेकली की माणूस तिच्यावर चढतो, आणि पडायचाच असेल तर पहिल्या वळणाला पडतो. मी कधी पडलो नव्हतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाई म्हणूनच सांगतो, पण खरी आहे.

ज्यांनी धानाची शेती पाहिली नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्या चारी बाजूंच्या मातीच्या बांधाला धुरा. आषाढात बांधी पाण्यानं भरते. मग नांगर घालून तिचा चिखल करायचा, आणि तो चिखल सारखा करायला बैलांच्या मागं एक जाड लाकडी फळी ओढायची. फळीवर वजन पाहिजे म्हणून माणूस तिच्यावर उभा राहतो. डाव्या हातात कासरा, उजवा हात मोकळा, गुडघे सैल. उंचवटा आला की फळी नाक वर करते, खड्डा आला की खाली घालते, आणि आपण मध्ये उभे. त्यात डोकं लागत नाही. डोकं लावलं की माणूस पडलाच. चिखल सारखा झाला की नाही ते पाणीच सांगतं. कुठं उंच राहिलं असेल तर तिथली माती म्हशीसारखी पाठ वर काढून बसते.

आता आमच्या बांधीत ट्रॅक्टर फिरतो. चालवणारा वर बसून एका हातानं फोनवर बोलतो, मागून लोखंडी चाकं चिखल उडवतात आणि त्यांच्या मागं बगळे चालतात. उभं कोणीच राहत नाही. पण चिखलाचा वास तोच. थोडा कुजका, थोडा गोड, कमळाच्या देठासारखा. तो वास आला की मी दारातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गुडघे सैल सोडतो. नव्वदीला आलो तरी गुडघ्यांना वाटतं की आपल्याला बोलावलं.

यंदा मात्र त्या वासाबरोबर दुसरंही एक काही परत आलं. सकाळी खाटेवर डाव्या कुशीला वळलो आणि छपराचे कवेलू फिरायला लागले. एक एक कवेलू सुटून घाण्यासारखं गरगर. मी खाटेची पाटी धरली आणि म्हटलं, "आली का तू?"

"कोन आली?" बायकोनं चुलीपासून विचारलं.

"भोवंड."

तिनं फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या सालची?"

"तेच."

"मंग निजून राहा. उठू नका." आणि हात पदराला पुसत आली, माझ्या उजव्या बाजूला बसली. ती नेहमी उजव्याच बाजूला बसते. माझा डावा कान त्या सालापासून कमी ऐकतो.

ते साल म्हणजे आमच्या लग्नानंतरचा तिसरा पावसाळा. तेव्हा आमचा जिल्हा चांदा, गडचिरोली वेगळी झाली नव्हती, आणि डॉक्टर पाहायचा तर बैलबंडीनं सडकेपर्यंत जा, मग तिथं मोटारीची वाट पाहा. मी तेवीस-चोवीसचा. चौथीपर्यंत शिकलो होतो आणि मला वाटे की एवढं पुष्कळ झालं.

माझी बायको सावली गावाकडची. नाव अनसूया, पण मी तिला नावानं हाक मारत नाही. 'कावो' म्हटलं की तिला कळतं. आमची सोयरीक जुळली तेव्हा तिचे वडील, म्हणजे आमचे मामाजी, फार काही बोलले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ मोहाच्या दारूपायी गेला होता. आमच्या जंगलात मोहाची झाडं काय कमी आहेत? चैतात फुलं पडली की घराघरातून वास येतो. मामाजींनी मला एवढंच म्हटलं, "पोरगी देतो, जवाईबापू. पन तुमी मोहाची घेतलेली मले दिसले, का पोरगी माह्या घरी. त्या दिशी आपलं सोयरपन सरलं."

मी म्हटलं, "माहा शबूद हाय, मामाजी."

आणि शब्द मी पाळला. लग्न असो, मयत असो, दंडारीचा खेळ असो, पानाचा द्रोण माझ्यापुढं आला की मी तो उलटा करून ठेवी. लोक हसत. मीही हसे. पण आतून मला वाटे, अख्ख्या गावात न पिणारा मी एकटा. त्याचा मला गर्व होता, आणि गर्व चढायला मोहाची फुलं लागत नाहीत हे तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या आषाढात चार दिवस माझ्या अंगात कसकस होती. नाक गळत होतं, डावा कान गच्च, आत रातकिडा बसल्यासारखा आवाज. घरात पडून राहायचं ते दिवस नव्हते. पाचव्या दिवशी मी फळीवर चढलो. रोवणीच्या बायका पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन धुऱ्यावर बसल्या होत्या. त्यांची म्होरकी भागरथाबाई. बाई कामाला वाघीण, आणि जिभेला हाड नाही. माझी बायकोही त्यांच्यातच होती.

वळण आलं. बैल वळले, फळी वळली, मी वळलो. बैल थांबले, फळी थांबली. मी थांबलो नाही. उभा होतो तिथंच, पण डोक्याच्या आतलं काहीतरी वळतच राहिलं. धुरा उठून उभा राहिला. बांधीतलं पाणी वर चढलं. मी हात टेकायला भुई शोधली, ती तिथं नव्हतीच. तोंडावर पडलो. उठलो, पुन्हा पडलो, आणि पोटात होतं ते सगळं चिखलात गेलं.

धुऱ्यावर सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मग भागरथाबाईनं एकच शब्द टाकला, "सकारीच?"

असा हशा उठला की बैल बिचकले.

"कोन्या झाडाखाली बसून आले, भाऊ?" ती म्हणाली. "एवढी चढते त आमच्या बुड्यालेबी दाखवा."

"मी पिलो नाई," मी चिखलात बसल्या बसल्या म्हटलं. म्हटल्याबरोबर मला कळलं की हे वाक्य जगात पिलेला माणूसच म्हणतो.

बायकोनं मला उचलून घरी आणलं. भिंतीला टेकवून बसवलं, तोंड धुतलं, मग समोर बसली. "तोंड उघडा," म्हणाली.

"कायले?"

"लोकं बोलून राह्यले. मी वास पाह्यला, काई नाई, असं मले सांगता येते."

"तुह्या बापाले मी शबूद देला. शबदाचा वास घेत नसतेत."

"अवं, एक फुंकर..."

"नाई."

आज लिहिताना हसू येतं. एका फुंकरीचं काम होतं. पण फुंकर मारायची म्हणजे माझ्या शब्दाला साक्षीदार लागतो असं झालं. आणि एकदा नाही म्हटलं की मला माघारी फिरता येत नाही. हा दोष माझ्यात आजही आहे, आणि तो काढायला आता उशीर झाला.

तीन दिवस मी चटईला धरून होतो. डोकं हलवलं नाही तर घर उभं राही, हलवलं की फिरे. चौथ्या दिवशी फिरणं कमी झालं, पण जे उरलं ते जास्त वाईट. कारण ते दिसत नव्हतं. चालताना वाटे की जमीन गादीची आहे. घरातून गोठ्यात जायचं तर खांदा भिंतीला घासत जाई. बाहेर वाहतं पाणी पाहिलं की मीच वाहतो आहे असं वाटे. अंगातली बंडी डोक्यातून काढताना क्षणभर डोळे झाकले जात आणि तेवढ्यात मी आडवा. विहिरीवर तोंड धुताना डोळे मिटले की एका हातानं खांब धरावा लागे. झाडाकडे मान वर करून पाहणं बंद. बांबूच्या तट्ट्याची उभी-आडवी वीण पाहिली की मळमळ.

आणि अक्कल. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. बैलाचं नाव आठवेना. आमच्या खैऱ्याला मी "अरे, हा, तू" असं म्हणू लागलो, आणि तो माझ्याकडे पाही. बोलता बोलता वाक्याचं शेपूट हरवे. दुपारपर्यंत असा थकवा येई की जणू दोन एकर नांगरून आलो, आणि केलेलं काय, तर उभा राहिलो. एक दिवस पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत टाकायचं काम मी अंगावर घेतलं. आमच्याकडे हलका धान असतो, तो दसऱ्याच्या आगेमागे पिकतो. आणि भारी धान, तो दिवाळीनंतर. दोघांचे पऱ्हे वेगळे, बांध्या वेगळ्या. लेकरालाही समजतं. मी दोन्हीच्या पेंढ्या एकाच बांधीत टाकल्या. बायकांनी खाली मान घालून रोवून टाकल्या. संध्याकाळी भागरथाबाई धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, "भाऊ, हे काय? अर्धी बांधी दसऱ्याची, अर्धी दिवाळीची? कापाची कधी, होळीले?"

पिलेल्याच्या हातूनच असं होतं. मग गावाला पुरावाच मिळाला.

फळीचं काम थांबत नव्हतं. मी कासरा धरून बाजूनं चालू लागलो आणि फळीवर एक मोठा दगड बांधला. वजन तेवढंच लागतं. दगड पडला नाही, त्यानं उलटी केली नाही, त्याला कोणी काही विचारलंही नाही. बांधी अगदी सारखी झाली. मला त्या दगडाचा इतका राग आला की रोवणी झाल्यावर मी तो नाल्यात नेऊन फेकला.

बायको तेव्हा काही बोलत नसे. पाहत असे. रोवताना, शेण काढताना, लाखोरीची डाळ घोटताना तिची एक नजर माझ्यावर. मी कधी पडतो, कधी पडत नाही, हे ती हेरत होती. एका सकाळी आम्ही शेताकडे निघालो. तेव्हाची रीत तुम्हाला माहीत असेल. नवरा पुढं, बायको चार पावलं मागं, डोक्यावर टोपली. धुरा हातभर रुंद, दोन्हीकडे पाणी, वाऱ्यानं पऱ्हे हलताहेत. मी दोन पावलं टाकली आणि डुललो.

ती बाजूच्या चिखलात उतरली, मला ओलांडून पुढं आली आणि पुन्हा धुऱ्यावर चढली.

"मी पुढं चालते," म्हणाली. "तुमी माह्या पाठीकडे पाहा. पायाकडे पाहू नका, पान्याकडे पाहू नका."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकं त म्हनूनच राह्यले."

तिच्या लुगड्याची पाठ, मानेवरचा अंबाडा, टोपलीची कड. मी तिथं डोळे रोवले आणि चाललो. धुरा जागेवर राहिला. पण वाकडं बोलायला कोणाला कारण लागतं? पलीकडच्या बांधीतून आवाज आलाच, "आता बायकोच्या मांगं का, भाऊ?" मी त्या दिवसापासून तिला पुढं जाऊ दिलं नाही. धुऱ्यावरून न जाता सरळ चिखलातून गुडघाभर गाळ तुडवत जाऊ लागलो. पडलो तरी चिखलातच पडायचं, असा माझा हिशेब.

मग मामाजी आले. रोवणीला माणूसबळ कमी पडतं म्हणून ते दर साली दोन-चार दिवस येत. सावलीकडून येईपर्यंत वाटेवरच त्यांच्या कानावर सगळं पडलं असणार. ते घरी गेलेच नाहीत, पिशवी खांद्याला तशीच घेऊन शेतावर आले. आणि दैव पाहा, नेमकं तेव्हाच मी वरच्या बांधीतून धुरा ओलांडत होतो. आभाळात घार ओरडली, मी मान वर केली, आणि मामाजींच्या पायाजवळ चिखलात जाऊन पडलो.

मी उठून बसलो. ते खाली वाकले. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जास्त लागलं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला होता, जणू धाकटा भाऊच त्यांना पुन्हा दिसला.

"तोंड उघडा, जवाईबापू," ते हळूच म्हणाले.

सगळ्या बायका पाठ सरळ करून उभ्या. भागरथाबाईही. आता फुंकर मारायची सोडून मी काय केलं? ओठ दाबून धरले. खरंच दाबून धरले, लेकरू औषधाला करतं तसे.

"मी शबूद देला होता," मी दातांच्या फटीतून म्हटलं.

"मले मायीत हाय. मनूनच इचारून राह्यलो."

"शबूद पुरत नसन त तोंड उघडून काय फायदा?"

मामाजी उभे राहिले. मुलीकडे वळले. ती चिखलात, हातात पऱ्ह्याची पेंढी. "चाल माय," ते म्हणाले. "लुगडी बांध. बंडी मी भाड्यानं आनतो."

त्या क्षणाला मला भोवंड नव्हती. सगळं जागच्या जागी होतं, धुरा, पाणी, बैल, माझी बायको. आणि मला दिसत होतं की ही आता जाणार आणि मी इथं बसून ओठ दाबून राहणार. माझ्यानं तोंड उघडत नव्हतं. माझी माझ्यावर सत्ता नव्हती म्हणा.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "बाबा, त्यायनं नाई पिली."

"तुले काय मायीत?"

"मी वास घेतला. रोज घेते. दुपारी मोहाच्या झाडाखाली निजतेत ना, तवा वाकून घेते. काईच नाई. पेज अन् कांदा, बस."

"धान हातात हाय तुह्या. अन्न हातात घेऊन सांगून राह्यली?"

तिनं पेंढी वर केली. हिरव्या पात्यांतून चिखलाचं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. "अन्न हातात घेऊन सांगते."

मामाजींनी पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडे हात केला, मला उठवलं आणि स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं माझं तोंड पुसलं. "मंग हे हाय काय, जवाईबापू?" ते विचारत होते. "बिमारी हाय का? सांगाचं नाई का लेका आमाले?" त्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच लसूण घालून तेल कढवलं आणि माझ्या कानात घातलं. त्यानं काही झालं नाही. पण घालण्याआधी त्यांनी एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिला, ते मला आठवतं.

आणि मी काय केलं? बायकोचे उपकार मानले? नाही. मी रुसलो. माझ्या शब्दावर जगात एका माणसाचा भरवसा आहे असं मी समजत होतो, आणि ती रोज दुपारी वाकून माझ्या तोंडाचा वास घेत होती! मी निजलेला असताना! चोरून! मी तिच्याशी बोलणं टाकलं. वाढलं की जेवत होतो, हाक मारली की जात होतो, पण बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी शेताला निघालो तेव्हा ती पुन्हा धुऱ्यावर पुढं झाली. मी बोलत नव्हतो, तेव्हा नाही कसं म्हणणार? तिच्या मागून चाललो. तिच्या पाठीकडे असे डोळे रोखून पाही की लुगड्याला भोक पडावं. अख्खी रोवणी मी असा चाललो. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. मामाजी चार दिवसांचे पंधरा दिवस राहिले आणि आमच्या दोघांच्या मागं तेही चालत. अशी आमची वरात.

हळूहळू भुई घट्ट झाली. श्रावण-भादव्यात मी कोणालाही न धरता चालू लागलो. दसऱ्याला ती बांधी पिकली, म्हणजे अर्धी पिकली. पिवळ्यात हिरवं, हिरव्यात पिवळं, फाटक्या गोधडीसारखी. वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस तिथं थांबून हसे. आम्ही दोन हप्ते वाकून एक एक पिवळं बूड निवडून कापलं. पुढच्या आषाढात मी पुन्हा फळीवर उभा राहिलो, आणि भागरथाबाईनं धुऱ्यावरून ओरडून सांगितलं, "आज नाई घेतली वाटते!"

रुसवा मात्र पुरता गेला नाही. नंतर तो रुसवा राहिला नाही, गोष्ट झाली. पाहुणे आले, सोयरे आले, की मी सांगे, "आमची बाई निजलेल्या नवऱ्याचा वास घेते. तुमी जपून राहा." सगळे हसत. तीही हसे, आणि उठून चहा ठेवी.

तर यंदा भोवंड परत आली म्हणून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण लहानशी पोरगी, नातीच्या वयाची. तिनं मला खाटेवर बसवलं, माझं डोकं भोपळ्यासारखं दोन्ही हातांत धरलं, एकाएकी डावीकडे वळवून मला मागं आडवं पाडलं आणि डोळ्यांत पाहत बसली. मी तिला शिव्या देणार होतो, पण शिव्यांची नावं आठवेनात. मग डोकं उजवीकडे, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. छप्पर थांबलं.

"आजोबा," ती म्हणाली, "कानाच्या आत बारीक नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. तुम्ही डोकं हलवलं की ते हलतं, त्यावरून मेंदूला कळतं आपण कुठं झुकलो. त्यात बिघाड झाला की डोळे एक सांगतात, पाय दुसरं सांगतात आणि कान तिसरंच."

मी म्हटलं, "म्हंजे कानात बांधी असते."

तिला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. मग त्या सालची सगळी कहाणीही सांगितली. ती म्हणाली, इतक्या जुन्या गोष्टीबद्दल छातीठोक सांगता येत नाही, पण सर्दी-तापानंतर कानाच्या आतल्या भागाला सूज आली असेल. हे आताचं थोडं वेगळं आहे, पण कान तोच. आणि काही आठवत नव्हतं, पेंढ्या चुकल्या, त्याचं काय? "सगळी अक्कल उभं राहण्यातच खर्च होत होती, आजोबा. जे आपोआप व्हायचं ते तुम्हाला विचार करून करावं लागत होतं. दुसऱ्या कामाला डोकं उरणार कुठून?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्या साली मूर्ख झालो होतो. मूर्ख नव्हतो. कामात होतो. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

बायको स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "आमचे बाबा असाले पायजे होते हे आयकाले."

परतताना ऑटोत आम्ही दोघंच मागं. ती माझ्या उजव्या बाजूला. दोन्हीकडे रोवणी चाललेली, चिखलाचा वास. ती एकाएकी म्हणाली, "एक सांगू का? रागावसान."

"मी कधी रागावतो?"

ऑटोवाला हसला. त्याला काय कळलं कोण जाणे.

"मी कधी घेतलाच नव्हता वास."

"कोनता वास?"

"तुमच्या तोंडाचा. मोहाच्या झाडाखाली. एक दिवसबी नाई."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. "मंग मामाजीले काऊन सांगतलं?"

"बाबा त मले घेऊन चालले होते. तुमी तोंड उघडून नाई राह्यले. कोनाले तरी काई त सांगा लागत होतं."

"धान हातात धरून?"

"हो." ती बाहेर पाहू लागली. "मनून त त्या साली नवं नाई खाल्लं मी. त्या पिकाचा एक दानाबी नाई. सालभर जुन्या तांदळाच्या कन्या खाल्ल्या. म्हटलं खोटी शपथ माही, पाप पिकाले नको लागाले."

मला आठवलं. दिवाळीनंतर नवा तांदूळ देवापुढं ठेवून सगळ्यांनी खाल्ला तेव्हा ती म्हणाली होती, पोट दुखते. मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. मला वाटलं, तीही रुसली.

"अन् मी पिलो असतो त?"

"पिले नव्हते ना. मले मायीत नव्हतं का? वास घ्याले तुमी का परके हा?"

"मंग मले काऊन नाई सांगतलं? एवढे वर्स?"

"आंगात राग होता तुमच्या. रागात असले का तुमी माह्या पाठीकडे डोळे फाडून पाह्यत चालत. सरळ चालत, पडत नाई. मी म्हटलं, राहू दे राग."

"अन् मंग? बरा झाल्यावर?"

"मंग तुमाले ते गोष्ट सांगाची सवय लागली. पाव्हने हसत. कायले मोडू?"

पुढं घर येईपर्यंत मी बाहेरच्या बांध्या पाहत बसलो. जिनं माझा शब्द तपासला म्हणून मी आयुष्यभर चारचौघांत तिला हसलो, तिनं तो तपासलाच नव्हता. तो शब्द खरा ठरावा म्हणून तिनं स्वतःचा खोटा केला, त्याची शिक्षा स्वतःच घेतली, आणि माझ्या गोष्टीला हसून चहा ठेवत राहिली. माणसाला भोवंड येते ती काय कानातूनच येते?

घरी सुनेनं भात रांधून ठेवला होता. आमच्याच बांधीचा तांदूळ. बायको सवयीनं मला पाट टाकून माझं ताट वाढायला बसली. आमच्या पिढीत नवरा जेवून उठल्याशिवाय बायको जेवत नाही. सून पुष्कळदा रागावते, पण ही ऐकत नाही. तिनं भात वाढला, वर लाखोरीचं वरण घातलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

मी ते तिच्याकडे सरकवलं.

"आदी तू खाय," मी म्हटलं.

तिनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काऊन? कच्चा राह्यला का?"

"नाई. तू खाय. मी बसतो इथी."